भुसा कुठे जाणार? जिगसॉच्या पात्यांविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घरी वापरायच्या हातमशीनींवर लिहिताना जिगसॉबद्दल, म्हणजे अरुंद पातं वरखाली चालवून कापणाऱ्या विजेच्या करवतीबद्दल, मी एवढंच म्हटलं होतं, की मशीन कोणतीही घ्या, कापायचं काम पातं करतं. त्यावर नागपुरातून आणि आसपासहून इतकी पत्रं आली की या वेळची सगळी जागा त्यांनाच देते आहे. बहुतेकांना रफ कटिंगच करायचं आहे. लाकूड किंवा प्लॅस्टिक रेघेच्या जरा बाहेरून झटपट कापून घ्यायचं आणि मग रंधा, कानस मारून मापात आणायचं. सोपं काम समजून लोक तिथेच पातं चुकवतात, म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्न : ताई, मी मानेवाड्याला राहतो. नवीन जिगसॉ घेतली. १९ मिमी प्लायचे कपाटाचे भाग कापायचे आहेत, कडा नंतर ओळखीचे मिस्त्री सारख्या करून देणार. दुकानदार म्हणाला, बारीक दाताचं पातं न्या, सगळ्यात साफ कापतं. तेच लावलं. दीड फूट कापता कापता दहा मिनिटं गेली, जळाल्याचा वास सुटला, कापाची कड काळी पडली. मशीनच खराब निघाली का?

उत्तर : मशीन ठणठणीत आहे भाऊ, परत न्यायच्या भानगडीत पडू नका. पात्याच्या वरच्या टोकाजवळ नंबर छापलेला असतो तो वाचा. टी ११८ ए असं काही असेल, तर ते पत्र्याचं पातं आहे. एक ते तीन मिमी जाडीच्या लोखंडी पत्र्यासाठी ते बनवलंय आणि तिथे ते उत्तम चालतं. पण त्याच्या दोन दातांमधलं अंतर आहे फक्त १.२ मिमी. तुमच्या प्लायमध्ये एका वेळी पंधरा-सोळा दात घुसलेले, आणि दोन दातांमधल्या खाचेत मोहरीचा दाणाही मावणार नाही.

पात्याला कामं दोन. लाकूड तोडायचं आणि तोडलेलं बाहेर काढायचं. पहिलं सगळ्यांना दिसतं, दुसरं कोणी विचारात घेत नाही. दाताने उकरलेला भुसा पुढच्या खाचेत बसून चिरेच्या बाहेर पडायला हवा. खाच भरली की दात लाकडाला लागतच नाही, भुशावर भुसा घासत राहतो. तुम्हाला वास आला तो त्या घासण्याचा.

माझ्या बाबांचं दुकान लकडगंजात होतं. रविवारी ते करवती काढून बसायचे. तिकोनी कानशीने एकेक दात घासायचे, मग एक दात किंचित डावीकडे, पुढचा उजवीकडे असे फाकवत जायचे. सगळी करवत झाली की दात वर करून ती आडवी धरायची आणि आईच्या डब्यातली शिवणाची सुई दातांवर ठेवायची. फाकवलेल्या दातांच्या दोन ओळींमध्ये एक बारीक पन्हळ तयार होते. करवत जराशी कलती केली की सुई त्या पन्हळीतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरसर गेली पाहिजे. मध्ये अडली तर तो दात पुन्हा. मी सात-आठ वर्षांची होते, सुई ठेवण्याचं काम माझं. दात फाकवलेले असले की चीर पात्याच्या पाठीपेक्षा रुंद पडते, पातं आवळलं जात नाही आणि भुशाला वाट राहते, हे मला त्या सुईनेच शिकवलं.

जिगसॉच्या पात्याला तुम्हाला कानस लावायची नाही, पण घेताना तेच बघायचं. पातं खिडकीच्या उजेडात धरा आणि दातांच्या बाजूने, टोकाकडून बघा. रफ कटिंगच्या पात्याचे दात एक इकडे, एक तिकडे झुकलेले दिसतील आणि दोन दातांमध्ये ठळक खाच दिसेल. टी १४४ डी हे त्यातलं नेहमीचं पातं. दातांमधलं अंतर ४ मिमी, ५ ते ५० मिमी लाकडासाठी. तुमच्या प्लायमध्ये याचे एका वेळी जेमतेम पाच दात असतील आणि प्रत्येकाला भरपूर जागा. त्याच्या खालोखाल टी १११ सी, अंतर ३ मिमी, साध्या रफ कामाला पुरेसं. एक पाकीट हे, एक ते, एवढ्यात तुमची कपाटं होतील.

नंबराची भाषा एकदा समजून घ्या. हे नंबर मुळात बॉशचे, पण इतर बऱ्याच कंपन्यांच्या पाकिटांवरही तेच किंवा त्याच्याशी जुळणारे असतात. पहिला टी म्हणजे पकडीचा, म्हणजे मशीनमध्ये बसणाऱ्या टोकाचा, आकार. नंतरचा आकडा लांबीचा: १ म्हणजे नेहमीचं, ३ म्हणजे लांब. शेवटचं अक्षर दातांचं: ए अगदी बारीक, बी बारीक, सी मध्यम, डी मोठा. त्यापुढे ओ असेल तर पातं अरुंद, वळणासाठी. आर असेल तर दात उलटे. एफ असेल तर दोन पोलादांचं, म्हणजे बायमेटल. मधले ४४ म्हणजे दात फाकवून वर धार लावलेली, आणि ०१ म्हणजे दात सरळ, पण पाठ दातांपेक्षा पातळ करत नेलेली. म्हणून टी १०१ बी साफ कापतं आणि सावकाश कापतं. ते दर्शनी कामाला ठेवा.

उलट चूकही होते. ३ मिमी प्लायला टी १४४ डी लावलं, तर एक दातसुद्धा धड आत राहत नाही, पातं आपटत जातं आणि प्लायच्या पापुद्र्यांचे कपचे काढतं. मालाच्या जाडीत निदान दोन-तीन दात कायम असले पाहिजेत. याच्या खाली जाऊ नका.

प्रश्न : दोन इंची सागवानाच्या फळ्या रुंदीत कापून राहिलो. वरून काप रेघेवर, पण खालून बघतो तर तीन सूत (एक सूत म्हणजे सुमारे ३ मिमी) आत गेलेला. पातं नवीन, टी १४४ डी. मी खूप जोर लावतो तरी मशीन पुढे सरकत नाही. (दिघोरी)

उत्तर : जोर लावता म्हणूनच खालचा काप पळतो. जिगसॉचं पातं फक्त वरून धरलेलं असतं आणि तळपट्टीजवळ, म्हणजे मशीन लाकडावर टेकते त्या पट्टीजवळ, मागून एका चाकाचा आधार असतो. त्याच्या खाली ते मोकळं. तुम्ही ढकलता तेव्हा वरचा भाग आधारामुळे सरळ राहतो आणि खालचं शेपूट ज्या बाजूला लाकूड मऊ सापडेल तिकडे वाकतं. सागाच्या रेषा तिरक्या असल्या की ते हमखास त्या रेषांच्या मागे जातं.

आता मशीन पुढे का सरकत नाही ते बघा. पातं वरखाली जेवढं जातं त्याला स्ट्रोक म्हणतात, तो बहुतेक मशीनींत १८ ते २६ मिमी असतो. तुमची फळी ५० मिमी. लाकडाच्या मधोमध जो दात आहे तो ना कधी वर बाहेर येतो, ना खाली. तो आतल्या आत वरखाली होतो आणि त्याने काढलेला भुसा वरच्या दाताच्या हवाली करतो, तो त्याच्या वरच्याच्या. पातळ प्लायमध्ये प्रत्येक दात दर फेरीला बाहेर येऊन खाच रिकामी करतो. जाड लाकडात ती सोय नाही. जाड लाकडाला मोठ्या दाताचं पातं लागतं ते याच कारणाने.

म्हणून पेंड्युलमचा खटका वापरा. मशीनच्या बाजूला ० ते ३ अशा खुणा असतात. खटका २ वर असला की पातं वर येताना पुढे झेपावतं आणि खाली जाताना चिरेच्या तोंडापासून मागे सरकतं. त्या मागे सरकण्यात भुसा मोकळा होतो. सागवानाला २ ठेवा, मऊ देवदाराला ३ चालेल. वेग पुरता ठेवा आणि मशीनला तिच्या चालीने जाऊ द्या. हाताचं काम दिशा देण्याचं आणि तळपट्टी फळीवर घट्ट दाबून धरण्याचं.

लांबीचा हिशेबही करा. टी १४४ डी एकूण १०० मिमी, त्यात दातांचा भाग साधारण ७४. त्यातून तुमचे ५० वजा केले की २४ उरतात, आणि स्ट्रोकला तेवढे लागतातच. म्हणजे हे पातं दोन इंचाला पोचतं, पण अगदी काठावर. यापेक्षा जाड असेल तर टी ३४४ डी घ्या. मात्र दोन इंचाला उगाच लांब पातं लावू नका, लांब पातं जास्त वाकतं. त्यापेक्षा टी १४४ डीपी मिळालं तर घ्या. दात तसेच, पण पाठ जाड, त्यामुळे खालचं शेपूट पळत नाही.

काप सुरू करण्याआधी गुण्या लावून पातं तळपट्टीशी काटकोनात आहे का ते बघा. ही तळपट्टी तिरकी करायची सोय असते आणि पेटीत पडल्या-पडल्या ती एक-दोन अंश हलते. आणि दोन इंची लाकडात रेघेबाहेर एक सूत सोडून भागत नाही, दोन सूत सोडा. साग दिसायला नरम, पण त्यात सिलिका असते, धार लवकर खातो. दातांची टोकं निळसर दिसली की समजा पोलादाचं पाणी उतरलं. ते पातं बदला, जोर वाढवू नका.

प्रश्न : मी इतवारीत शिवणकाम करते. मुलाने जिगसॉ आणली ती बघून वाटलं, ही तर माझ्याच मशीनसारखी चालते! मायका लावलेल्या फळीवर कापताना वरूनच कपचे का उडतात?

उत्तर : ताई, तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत. १९४६ साली स्वित्झर्लंडमध्ये सोलोथर्न इथल्या सिंटिला कंपनीतले आल्बर्ट काउफमान नावाचे इंजिनिअर होते, त्यांनी बायकोच्या शिवणयंत्राची सुई काढून तिथे करवतीचं पातं बसवलं. त्यातूनच ही मशीन आली. पुढच्याच वर्षी कंपनीने ती लेस्टो नावाने बाजारात आणली.

फरक एवढाच, की तुमची सुई खाली जाताना कापड भेदते आणि हे पातं वर येताना कापतं. दातांची टोकं वर वळलेली असतात. त्यामुळे खालची बाजू साफ राहते आणि वरचा मायका उचकटतो. फळीची चांगली बाजू खाली ठेवा, रेघ मागच्या बाजूला आखा. ते जमत नसेल तर आर अक्षराचं, उलट्या दाताचं पातं लावा, टी १०१ बीआर. पण ते मशीनला वर उचलू बघतं, दाबून धरावं लागतं, आणि भुसा खाली ढकलतं. मुलाला सांगा, पातं बदलताना प्लग काढायचा. फक्त बटण बंद करून भागत नाही.

प्रश्न : खिडकीत कूलर बसवला, भोवतीच्या फटी बंद करायला ५ मिमीचं ॲक्रिलिक आणलं. कापलं तेवढं मागून परत चिकटलं! दोन शीट वाया गेल्या. दुकानात म्हणाले, अजून बारीक दात लावा. (प्रतापनगर)

उत्तर : बारीक दात लावलेत तर तिसरीही जाईल. हे मार्च-एप्रिलचं आपल्या शहरातलं ठरलेलं काम आहे आणि दर वर्षी माझ्याकडे अशी चिकटलेली शीट कोणी ना कोणी घेऊन येतं, म्हणून नीट सांगते.

लाकूड तापलं तर जळतं, प्लॅस्टिक तापलं तर मऊ पडतं. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या जवळपास नरम होतं, पीव्हीसी तर ऐंशीच्याच आसपास. बारीक दातांच्या खाचेत चुरा मावत नाही, तिथेच फिरत राहतो, तापतो, त्याचा गोळा होतो आणि पातं पुढे गेलं की मागच्या चिरेत तो गोळा गार होऊन सांधा पक्का होतो. पुढे तुम्ही कापता आणि मागे शीट जोडली जाते. म्हणून इथेही खाच मोठी हवी. ५ मिमी ॲक्रिलिकला मी २ ते २.५ मिमी अंतराचं पातं लावते. टी १०१ ए खास ॲक्रिलिकसाठीच असतं; अक्षर ए असलं तरी त्याचे दात टी ११८ ए इतके बारीक नसतात. ते नाही मिळालं तर टी १०१ बी. ४ मिमी अंतराचं इथे नको, एवढ्या पातळ शीटला ते तडे पाडेल.

वेग मात्र कमी. डायलवर ६ पर्यंत आकडे असतील तर २ किंवा ३. पेंड्युलम ०, न चुकता. चुरा कसा पडतोय ते बघत राहा. सुटी, कोरडी साखरेसारखी कणी पडत असेल तर ठीक चाललंय. दातांवर दोरा लोंबायला लागला की थांबा, पातं गार होऊ द्या, दात ब्रशने साफ करा. वेग आणखी उतरवा, पण मशीन एकाच जागी चालत ठेवू नका, सरकती ठेवा. शीटवरचा कागद किंवा फिल्म काढू नका, त्याच्यावरच रेघ आखा.

शीट उन्हात ठेवलेली असेल तर काम सकाळी करा. मे महिन्यात गच्चीवरची शीट हाताला सोसत नाही, म्हणजे मऊ पडायच्या अर्ध्या वाटेवर ती आधीच पोचलेली असते.

माझी स्वतःची एक शीट शेवटच्या बोटभर अंतरावर तुटली होती, ते कारणही सांगते. कापलेला भाग टेबलाच्या बाहेर लोंबत होता. शेवट जवळ आला तसा त्याच्या वजनाने तो वाकला आणि तडा सरळ गिऱ्हाइकाच्या तुकड्यात घुसला. दोन्ही बाजूंना खाली फळ्या द्या आणि शीट चिरेच्या जवळ क्लॅम्पने दाबा, थरथरली की तडकते. आतले कोपरे काटकोनात कापू नका. आधी कोपऱ्यात १० मिमीचं भोक पाडा आणि काप त्या भोकात आणून थांबवा. टोकदार कोपऱ्यातून तडा निघतो, गोल कोपऱ्यातून सहसा निघत नाही.

आणि माप खिडकीएवढं घट्ट घेऊ नका. ॲक्रिलिक एका मीटरला एका अंशामागे सुमारे ०.०७ मिमी वाढतं. जानेवारीतल्या दहा अंशांपासून मेमधल्या पंचेचाळिसांपर्यंत धरलं तर मीटरमागे अडीच मिमी. चौकटीत एक सूत मोकळं ठेवा, स्क्रूची भोकंही स्क्रूपेक्षा मोठी पाडा. नाहीतर हिवाळ्यात चपखल बसवलेली शीट उन्हाळ्यात फुगून बाहेर येते.

प्रश्न : गच्चीवर भाजी लावायला २०० लिटरचा निळा ड्रम उभा चिरायचा आहे. माझ्याकडे लाकडाचंच पातं आहे. चालेल का? मी ७१ वर्षांचा आहे, पण हाताने कामं करायची सवय आहे. (धरमपेठ)

उत्तर : चालेल काकाजी, लाकडाचंच चांगलं चालेल. टी १११ सी लावा. हे प्लॅस्टिक मऊ आणि चिवट असतं, तडकत नाही, त्यामुळे फाकवलेल्या दातांना ते छान सोलून निघतं. वेग मध्यमाच्या खाली, पेंड्युलम ०.

पण पातं लावण्याआधी ड्रममध्ये काय होतं ते विचारा. रंगाचा थिनर, सॉल्व्हंट किंवा कीटकनाशक होतं असं कळलं तर तो घेऊच नका. धुऊनही आत वाफ राहते, मशीनच्या आत ठिणग्या होतात, आणि त्यात पुढे भाजी लावायची आहे. खाण्याच्या मालाचा असेल तर साबणाने धुऊन, तोंड उघडं ठेवून दोन दिवस वाळवा. ड्रम आडवा करून दोन्ही बाजूंना विटा लावा म्हणजे लोळणार नाही. १२ मिमीचं भोक पाडून तिथून पातं घाला. गोलाईवर तळपट्टी डगमगते, म्हणून कोणाला तरी ड्रम धरायला बसवा, हात चिरेपासून दूर. वरची आणि खालची जाड कड जिगसॉने कापायच्या फंदात पडू नका, तिथे हातकरवत घ्या.

प्रश्न : जिगसॉ वडिलांची, जुनी आहे. आणलेली पाती बसतच नाहीत. (कामठी)

उत्तर : जुन्या मशीनला यू पकडीची पाती लागतात. त्यांच्या वरच्या टोकाला इंग्रजी यू सारखी खाच असते आणि ती स्क्रूने आवळावी लागतात. आजकालची टी पकडीची त्यात बसणार नाहीत, घासून बसवूही नका. यू ची पाती अजून मिळतात, मागा. तुमचं जुनं पातं सोबत न्या आणि दुकानात ते ठेवून जुळवून बघा.

प्रश्न : महालातला आमचा जुना वाडा पाडला. सागवानी दारं, तुळया आहेत, त्यातून टेबल करायचं आहे. पण खिळे खूप. तीन पाती एका दिवसात गेली. (महाल)

उत्तर : ते लाकूड जपा, असं वाळलेलं साग आज मिळत नाही. आधी खिळ्यांची शोधाशोध. लाकडावर काळानिळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे असं समजा. सागातलं टॅनिन आणि गंजाचं लोखंड मिळून तो डाग पडतो. लोहचुंबक दोरीला बांधून फळीवरून सावकाश फिरवलं की वर डोकं नसलेला खिळाही सापडतो. जेवढे निघतील तेवढे पकडीने काढा.

जे निघणार नाहीत त्यांच्यासाठी बायमेटलचं पातं घ्या, एफ अक्षराचं, टी १४४ डीएफ किंवा टी १११ एचएफ. त्याची पाठ लवचीक पोलादाची असते आणि दातांची कड हाय स्पीड स्टीलची, दोन्ही जोडलेली. साधं कार्बन स्टीलचं पातं खिळ्याला लागलं की दात जातो, हे टिकतं. महाग असतं, पण तुम्ही एका दिवसात तीन पाती घालवली, तिथे हे एकच पुरलं असतं. खिळा लागल्याचा आवाज लगेच कळतो, खरखर जाऊन किरकिर सुरू होते. तिथे वेग अर्ध्यावर आणा, पेंड्युलम ० करा, खिळा पार झाला की परत पूर्वीसारखं.

स्वस्त पात्यांच्या मोहात पडू नका. एकदा शहरातल्याच एका दुकानातून ओळखीच्या नावासारखं नाव छापलेलं पाकीट मी स्वस्तात आणलं. पकडीची कानं पातळ होती, लाकडात जोर लागताच पातं सुटलं आणि टोक माझ्या चष्म्यावर येऊन लागलं. काचेवर ओरखडा आला, डोळा वाचला. तेव्हापासून पाकीट उघडून पकड हाताने चाचपल्याशिवाय पैसे देत नाही. चष्मा घालाच, आणि जुन्या सागाचा भुसा फार बारीक असतो, कित्येकांना खाज सुटते, शिंका येतात. लाकडाची धूळ वर्षानुवर्षं नाकात जाणं कर्करोगापर्यंत नेतं हे सिद्ध झालेलं आहे. मास्क लावा.

प्रश्न : ताई, मी शाळेत शिक्षक आहे. तान्ह्या पोळ्याला आठवीच्या मुलांकडून चाळीस लाकडी बैल करून घ्यायचे आहेत. बैलाचा आकार जिगसॉने कापायचा विचार आहे. लाकूड, पातं, सगळंच सांगा. (हुडकेश्वर)

उत्तर : गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तान्ह्या पोळ्याला मुलं चाकांचे लाकडी बैल मिरवतात, आणि बाजारात असे तयार बैल भरपूर मिळतात. पण ज्या पोराने स्वतःच्या बैलाची वशिंड कानशीने गोल केली, तो ती मिरवणूक जन्मभर विसरत नाही. मशीन तुमच्या हातात, कानस आणि पॉलिशपेपर मुलांच्या हातात, एवढी विभागणी ठेवा.

लाकूड शिवणीचं घ्या, एक इंची. हलकं, नरम, कापायला गुळगुळीत, वाळल्यावर फारसं वाकत नाही. कागदावर बैल काढा, पण पायांची जाडी चित्रात दिसते त्यापेक्षा दीडपट ठेवा. आणि लाकडाच्या रेषा पायांच्या दिशेने उभ्या येतील असा साचा ठेवा. बरेच जण बैल लांब म्हणून साचा फळीच्या लांबीत ठेवतात. मग रेषा पायाला आडव्या येतात आणि पाय पहिल्याच दिवशी मोडतो. रेषा उभ्या ठेवल्या की शेपूट आणि शिंगं कच्ची राहतात, म्हणून ती साच्यातच घेऊ नका. शिंगं वेगळी करून भोकात फेव्हिकॉलने बसवा, शेपटाला सुतळी.

पातं टी २४४ डी. दातांमधलं अंतर ४ मिमीच, पण पातं अरुंद, म्हणून वळतं. लोक वळण म्हटलं की बारीक दाताचं टी १०१ एओ लावतात. ते पातळ प्लायला छान, पण एक इंची लाकडात चाळीस बैल कापायचे म्हणजे पुन्हा तीच भुशाची अडचण: चिरेत भुसा कोंडतो, पातं तापतं आणि वळणावर तुटतं. कड खरबरीत येऊ द्या, ती घासायलाच तर मुलं बसली आहेत. रेघेबाहेर अर्धा सूत ठेवा.

पाठीच्या, वशिंडीच्या सावकाश वळणाला पेंड्युलम १ चालेल. मानेखाली आणि पायांच्या मध्ये ०. वळणावर पेंड्युलम ठेवलं की अरुंद पातं मागून ढकललं जातं, वाकतं, आणि खालचा बैल वरच्यापेक्षा वेगळा निघतो. मशीन वळवताना मागचं टोक फिरवा, पात्याला बाजूने रेटू नका. पोटाखालची, पायांमधली जागा कापायला वरच्या कोपऱ्यांत दोन भोकं पाडा, १२ मिमीची. खालून एकेक सरळ काप भोकापर्यंत न्या, मग एका भोकातून दुसऱ्याकडे. वळण फार आखूड असेल तिथे आधी बाहेरून रेघेपर्यंत दोन-तीन आडवे काप घेऊन ठेवा. पातं तिथे पोचलं की टाकाऊ तुकडे आपोआप गळून पडतात आणि पात्याला वळायला जागा होते.

दोन फळ्या एकावर एक ठेवून दोन बैल एकदम कापायचा मोह होईल. तसं करू नका. पाच पात्यांची दोन पाकिटं ठेवा आणि काप रेंगाळायला लागला की पातं बदला. बैल कापताना फळी टेबलाच्या कडेबाहेर थोडीथोडी सरकवत क्लॅम्प बदलत राहा, हे कंटाळवाणं आहे पण फळी हलली की मान तुटते. पोळ्याच्या दोन आठवडे आधी कापून व्हायला हवं, कारण चाळीस पोरांची कानस आणि रंग यालाच खरा वेळ लागतो, आणि पावसाळ्यात रंग लवकर वाळत नाही.

चाकं मात्र जिगसॉने करू नका, एकही गोल निघणार नाही. ड्रिलला लावायचा होल सॉ, म्हणजे गोल कापणारी वाटीसारखी करवत, आणा, दोन इंची. लाकूड अर्ध्यापर्यंत एका बाजूने कापा, उलटा, मधल्या भोकात नेम धरून उरलेलं दुसऱ्या बाजूने कापा, म्हणजे कड फाटत नाही. जी चकती बाहेर येते तिला मधोमध भोक आयतंच पडलेलं असतं. आस त्यातून घाला आणि बाहेरच्या टोकाला फेव्हिकॉलचा एक थेंब. चाकाच्या भोकात फेव्हिकॉल जाऊ देऊ नका, चाक फिरलं पाहिजे.